शेठ नाही म्हणाले

गोराई गाव, बोरिवली (प.)
१८ ऑगस्ट

ती. बाबांना,
स. जय भीम. वि. वि.

पत्र लिहितोय. खरंच, पेनानं. बोटं दुखायला लागली, पण हुकूम तुमचा. या पोराचं फोनवरचं एक अक्षर ऐकणार नाही, काय सांगायचं ते लिहून सांग, असं तुम्ही मेहकरच्या स्टँडवर सगळ्यांदेखत बजावलंत. चूक माझीच. तहसीलदार साहेबांच्या आवाजात मी तुम्हाला मंत्र्याच्या सभेचा मंडप सांगितला आणि तुम्ही मोकळ्या मैदानात खांब रोवून बसलात. पण बाबा, आवाज झकास जमला होता हे तरी माना.

तर, पोचलो आणि टिकलोही. पत्रकारितेचा वर्षाचा कोर्स, संध्याकाळचा, बोरिवलीत. बारावीला दोनदा बसलेला मी एकटाच असेन असं वाटलं होतं, पण माझ्या बाकावरचा तीनदा बसलाय, त्यामुळे त्या बाकावर हुशार मीच. शिकवायला शेवंती मॅडम आहेत. त्यांचं स्वतःचं साप्ताहिक आहे, चारकोपला झेरॉक्सच्या दुकानावर ऑफिस. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, पत्रकाराला काय लागतं. कोणी म्हणालं सत्य, कोणी निर्भीडपणा. मी म्हटलं, चपला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला ऑफिसला बोलावलं. प्रुफं वाचायला नाही हां, माझं शुद्धलेखन बघून त्यांनी हातच जोडले. बातम्या आणायला.

राहतो खाडीपलीकडे. आपली पैनगंगा उन्हाळ्यात चालत ओलांडता येते, इथे मी रोज बोटीत बसतो. खोली पेट्रिशिया आंटीच्या घरी, माळ्यावर. हे लोक ख्रिश्चन, पण घरात मराठीच बोलतात, आणि तीही आपल्यापेक्षा जुनी. आंटी मला बाबा म्हणते. इथे पोरांना लाडानं तसंच म्हणतात. म्हणजे तुमचं पद मुंबईत मला मिळालंय, राग नसावा. तिची मुलगी सिंथिया बँकेत आहे, नोव्हेंबरात तिचं लग्न. ती मला इतक्या मनापासून शिव्या घालते की माधुरीताईची आठवण येत नाही.

तुमची अट लक्षात आहे. लग्नसराईच्या आत माझ्या नावाची एक खरी बातमी छापून यायला पाहिजे, नाही तर पहिल्या लग्नाला मी परत तुमच्या मंडपात, माइकवर. येईल बातमी. तुम्ही बिनधास्त रहा.

लोभ आहे तेवढाच असू द्या, एकदम वाढला तर मला संशय येईल.

तुमचा
विशाल


मेहकर
२९ ऑगस्ट

चि. विशाल यास,
भाऊरावचे अ. आ.

पत्र मिळालं. अक्षर तुझंच आहे, इतकं वाईट दुसऱ्याला काढता येणार नाही, म्हणून विश्वास ठेवला.

खांब मी रोवले ते खरं. बाजारात लोक अजून विचारतात, भाऊराव, मंत्री आले का. तू हसतोस, मला हसू येत नाही. माझा धंदा शब्दावर चालतो. अमुक तारखेला मंडप म्हटलं की मी खांब घेऊन निघतो, कागद मागत नाही. तुझ्यामुळे आता खऱ्या माणसाचा फोन आला तरी मी दोनदा विचारतो आणि गिऱ्हाईक चिडतं.

बातमी छापून आली तर नुसतं कात्रण पाठवू नकोस, अख्खा अंक पाठव. सरपंचाच्या रेड्याची लग्नपत्रिका तू गावभर वाटलीस, तीही छापलेलीच होती.

पहिलं लग्न तीस नोव्हेंबरला, जानेफळला. तोवर नाव दिसलं तर रहा, नाही तर गाडी पकड. तुझी आई विचारते, मासे खातोस का, आणि आंटी ते कसे करते.

तब्येतीला जप, आमची काळजी आम्ही करतो.

तुझे बाबा
भाऊराव


चारकोप
४ नोव्हेंबर

माधुरीताई,
जय भीम आणि एक चिमटा.

हे पत्र तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतोय, म्हणजे बाबांच्या हातात पडायला नको. वाट लागलीय. बातमी हातात आली आणि गेली.

आधी नीट सांगतो. सिंथियाचं लग्न तेवीसला. यांच्यात आदल्या दिवशी बायका बँड लावून गावच्या विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात आणि त्यानं नवरीला आंघोळ घालतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. घरात नळ आहे, वर टाकी आहे, पण आंटीला त्या विहिरीचंच पाहिजे. तिची आंघोळ त्याच पाण्यानं झाली, तिच्या आईचीही. आता विहिरीला लागून चंद्रप्रकाश शेठनं जागा घेतलीय, पार्ट्यांचा हॉल बांधतोय. गावात कुजबुज अशी की गाड्या लावायला तो विहिरीवर स्लॅब टाकणार. विहीर गावाची, पण स्लॅबचं नक्की कोणालाच माहीत नाही आणि शेठ कोणाला भेटत नाही. आंटी रोज संध्याकाळी तिकडे चक्कर मारते, विहीर जागेवर आहे ना बघायला.

मग मी काय केलं ते तू ओळखलंच असशील. शेठचा इंजिनियर चहाच्या टपरीवर येतो, नाकातून बोलतो. तो आवाज काढून मी शेठला फोन लावला आणि स्लॅबचं विचारलं. ताई, तो सगळं ओकला गं! सोमवारी सतराला सकाळी सळया येणार, लगोलग काँक्रीट, गावाला कळायच्या आत खेळ खलास. नाताळच्या पार्ट्यांना हॉल तयार पाहिजे म्हणे.

बातमी लिहिली आणि धावत ऑफिसला गेलो. मॅडमनी वाचलं, खूश झाल्या, हेडिंग पण लिहिलं. मग विचारलं, शेठ तुझ्याशी एवढं बोलला कसा. मी कॉलर ताठ करून सांगितलं, वर आवाजही काढून दाखवला. खालचा झेरॉक्सवाला हसला, मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, शेठ हे तुला बोललेलाच नाही, त्याच्या इंजिनियरला बोललाय, आणि इंजिनियर त्या फोनवर नव्हता. मग ही बातमी कोणाची? कागद माझ्या हातात परत दिला. आता शेठच्या समोर उभं राहायचं, नाव सांगायचं, फोन मीच केला हे कबूल करायचं आणि मग काय विचारायचं ते विचारायचं. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या.

आधी चोर म्हणून हजर व्हायचं आणि मग मुलाखत घ्यायची, असं कुठे असतं का यार? तो मला खाडीत टाकेल. आंटीला सतरा तारीख सांगितली तर ती म्हणाली, बाबा, सकाळी चर्चच्या फादरच्या आवाजात हाक मारून मला अंगणात पळवलंस, आता हे नवीन काढलंस का. तीही ऐकेना.

इथे एक यूट्यूबवाला आहे, तो काहीही चालवतो, कुठून आणलं विचारत नाही. त्याला देऊन टाकू? माझं नाव येणार नाही, पण विहीर तरी वाचेल. लवकर कळव.

माया कर, निदान उत्तर येईपर्यंत.

तुझा
विशल्या


मेहकर
८ नोव्हेंबर

विशल्या,
जय भीम. चिमटा परत घे.

तुझं पत्र बाबांनी वाचलं. पत्ता तू अंगणवाडीचा लिहिलास, पण पोस्टमन चहा आपल्याच घरी पितो हे विसरलास. वाचून झाल्यावर जेवले. मग हात धुताना म्हणाले, त्या बाईंना माझा जय भीम कळव.

आता माझं ऐक. यूट्यूबवाल्याकडे गेलास तर उद्या शेठ म्हणेल पोरं उडवतात काहीही, आणि तुझी ख्याती बघता लोक त्याचंच ऐकतील. तुझी आंटीसुद्धा. मग विहीर कशी वाचेल? आणि बाबांची अट तुझ्या नावाची आहे. जानेफळच्या लग्नासाठी त्यांनी माइक पुसून ठेवलाय.

तू शेठला घाबरलास यावर माझा विश्वास नाही. आख्ख्या तालुक्याचे आवाज काढून झाले तुझे. एकदा तुझ्या स्वतःच्या आवाजात बोलून बघ, कसा निघतो ते मलाही कळव.

रागावले नाहीये. रागावले तर फोन करीन.

तुझीच
ताई


गोराई
१५ नोव्हेंबर

ती. बाबांना, सौ. आईला,
स. जय भीम. वि. वि.

सोबत अख्खा अंक पाठवलाय. पहिलं पान बघा, मग पुढचं वाचा.

ताईचं पत्र आलं त्याच दुपारी शेठच्या ऑफिसात गेलो. आत एसी एवढा की माझे दात वाजत होते, ते भीतीनं नाही हे लिहून ठेवा. नाव सांगितलं, गाव सांगितलं, तुमचं नाव सांगितलं. मग म्हटलं, गेल्या आठवड्यात तुमच्या इंजिनियरचा फोन आला होता ना, तो मीच. शेठ लाल झाला. उठला. पोलिसांचं नाव काढलं. मी उभाच. मग तो एकदम थांबला आणि मला त्याचं डोकं चालताना दिसलं, कॅरमवर नेम धरतात ना तसं. रागावला तर फोनवरचं सगळं खरं ठरतं. म्हणून तो हसायला लागला. म्हणाला, मला काय कळलं नव्हतं? पहिल्या शब्दाला ओळखलं तुला. म्हणून तर तुझी फिरकी घेतली. कसला स्लॅब आणि कुठला सोमवार!

बाबा, हे काम मी जन्मभर केलंय. पकडलं गेलं की मस्करी होती म्हणायचं. समोरच्या खुर्चीत मीच बसलोय असं वाटलं. आणि मला पकडल्यावर काय केलं की मी सगळ्यात जास्त अडकतो, ते मला माहीत आहे. माझ्यावर विश्वास ठेवायचा.

मी ठेवला. म्हटलं, वा शेठ, गाव उगाच घाबरलंय, तुमच्या तोंडून आलं तर सगळे निवांत होतील. वही काढली. अक्षर वाईट आहे, हळू बोला म्हटलं. विहिरीला हात लावणार का? नाही. पुढे कधी? कधीच नाही. आमच्या सिंथियाचं लग्न तेवीसला आहे, तिला पाणी मिळेल ना? तर शेठ फुलला. म्हणाला, सिंथिया मला मुलीसारखी, परंपरेला मी हात लावीन का. तिचं नाव त्यानं माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं होतं. छापू का विचारलं. छाप म्हणाला, बिनधास्त. सही घेतली. फोटो मागितला तर ढीगभर आले, गॉगलवाला मी निवडला.

मॅडमनी दोनदा वाचलं. चेहरा तसाच. मग खाली गेल्या आणि झेरॉक्सवाल्याबरोबर खो खो हसताना मला जिन्यावरून ऐकू आल्या. वर येऊन हेडिंग दिलं: विहिरीला हात लावणार नाही, चंद्रप्रकाश शेठ यांचा गावाला शब्द. खाली आमचे प्रतिनिधी नाही, चक्क विशाल भाऊराव इंगळे.

आंटीनं अंकांचा गठ्ठाच आणलाय आणि घरोघर वाटतेय. पण कागदानं काँक्रीट थांबतं का ते सोमवारी कळेल. तोवर मीही छातीठोक सांगत नाही. आई, मासे आंटी चिंच घालून करते, बाकी ती सांगत नाही.

अंक जपा, माझा नाही तरी शेठच्या गॉगलसाठी.

तुमचा
विशाल


गोराई
२३ नोव्हेंबर

ती. बाबांना,
स. जय भीम. वि. वि.

सोमवारी टेम्पो आला. शेठ अंकात काही का म्हणेना, माणसं सळया उतरवायला लागली. पण आंटी आणि गावातल्या बायका आधीच विहिरीच्या कठड्यावर बसलेल्या, हातात अंक. भांडण नाही, आरडाओरडा नाही. आंटीनं मुकादमाला अंक दिला आणि म्हणाली, बाबा, तुझ्या मालकानं काय म्हटलंय ते जरा मोठ्यानं वाच. त्यानं वाचलं. मग मालकाला फोन लावला. शेठ गाडीतून उतरला, बायका बघितल्या, अंकातला स्वतःचा फोटो बघितला. आणि मुकादमावरच ओरडला, सळया इथे कोणी उतरवायला सांगितल्या, माझ्या हद्दीत न्या! मी फोटो काढत होतो.

काल पाणी काढलं. बँड, लाल लुगडी, डोक्यावर मडकी. आंटीनं शेठला आमंत्रण धाडलं होतं आणि तो आला सुद्धा, सुटाबुटात, बँडच्या पुढे. लोक त्याला धन्यवाद म्हणत होते आणि तो घेत होता! सिंथियाला आंघोळ घातली, आंटी रडली, आज लग्न झालं. मला तीन वेळा वाढलं.

आता एक विचारतो, चेष्टा नाही. शेठ माझ्याशी खोटं बोलला. ते खोटं मी जसंच्या तसं छापलं. मग ते खरं झालं. तुमची अट खऱ्या बातमीची होती. ही धरायची की नाही, मला ठरवता येत नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, ज्यांनी अट घातली त्यांना विचार. तुम्ही नाही म्हणालात तर तीसला जानेफळला हजर आहे, तोंड वाकडं करणार नाही.

उत्तराची वाट बघतोय, आणि ती बघणं मला जमत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

तुमचा
विशाल


मेहकर
२७ नोव्हेंबर

चि. विशाल यास,
अ. आ.

अंक आला. माधुरीनं वाचला, मग मी वाचला, मग तुझ्या आईला वाचून दाखवला. सरपंच मागायला आले होते, दिला नाही, इथेच बसून वाचा म्हटलं.

बातमी खरी आहे. माणूस बोलला, तू त्याच्यासमोर बसून लिहिलंस, त्याच्या नावानं आणि तुझ्या नावानं छापलंस. त्यानं शब्द पाळला नसता तरी बातमी खरीच राहिली असती, खोटा तो ठरला असता. एवढं मंडपवाल्यालाही कळतं.

जानेफळला येऊ नकोस. माइकवर शिवदासला ठेवलाय, कायमचा. बोलणी झाली, त्याला ॲडव्हान्सही दिला, त्यामुळे इथे आता तुझी जागा मोकळी नाही. माणूस चांगला आहे. वेळेवर येतो, वायरी नीट गुंडाळतो. फक्त सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच आवाजात बोलतो. जेवायला बसलं की कोणी हसत नाही.

नवरीला आमचे आशीर्वाद सांग, मॅडमना जय भीम. वरचेवर पत्र टाकत जा, घरात खोटं बोलायला कोणी उरलं नाही.

तुझे बाबा
भाऊराव