झडपेला बांधलेली तार

१२ मार्च, गुरुवार

झडप पुन्हा पडली! सराव रंगात आला होता, ट्रॅक्टरमागची वजनाची घसरगाडी मस्त सरकत होती, आणि खाट्! इंजिन गप. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले.

दादाने पाहिलं. "खटक्याची स्प्रिंग ढिली झालीय. दणका बसला की झडप सुटते. नवी स्प्रिंग येईपर्यंत मैदानात उतरायचं नाही."

"रविवारी वजन ओढायची शर्यत आहे, दादा."

"असू दे. डिझेल बंद करूनही इंजिन थांबेना, तर त्याची हवा कोंडणारी ही एकच झडप आहे. तिच्याशी खेळ नको."

माहीत आहे मला! पण गेल्या वर्षी अगदी शेवटच्या टप्प्यात हीच पडली होती. लाऊडस्पीकरवाला म्हणाला, "ताईंना घरचा गॅस बंद करायचा आठवला वाटतं!" सगळं मैदान हसलं. ते वाक्य अजून कानात आहे.

१४ मार्च, शनिवार

दादाने खटका साफ केला, तेल दिलं आणि लेथवाल्याकडे गेला. तेवढ्यात मी केलं. तांब्याची बारीक तार — झडपेच्या कानातून बोल्टला दोन वेढे. फक्त उद्यापुरतं.

संध्याकाळी पुन्हा सराव. झडप एकदाही पडली नाही. दादा खूश! "तेल दिल्यावर सुधारली बघ! उगाच घाबरवलं तुला. उतर उद्या." पाठीवर थाप मारली माझ्या.

खरी थाप तर मी मारली होती.

१५ मार्च, रविवार, सकाळी

तपासणी झाली! टेलरकाका होते. आठवडाभर शिलाई, रविवारी शर्यतीचे तपासनीस. माझा ड्रायव्हिंगचा सूटही त्यांनीच शिवलाय. नेहमी केबल ओढून झडप पडते का ते बघतात.

काका वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. "सगळं ठीक ना, पोरी?"

"ठीक आहे, काका."

स्टिकर चिकटवला आणि पुढच्या ट्रॅक्टरकडे गेले. केबल ओढलीच नाही! चष्म्याचा नंबर वाढलाय त्यांचा. नशीब माझं!

१६ मार्च

लिहवत नाही.

१७ मार्च, मंगळवार

लिहितेच.

अर्धं मैदान पार केलं आणि इंजिनचा सूर बदलला. टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, सील गेलं. इंजिन स्वतःचंच तेल प्यायला लागलं. डिझेल बंद केलं — काही फरक नाही. उलट चढतच गेलं. काळा धूर, आणि कोणी किंचाळावं तसा आवाज. झडपेचा लाल दांडा ओढला. पुन्हा ओढला. पाय लावून ओढला. झडप जागची हलेना. हलेल कशी!

लोक लांब पळत होते. एकच माणूस उलटा, माझ्या दिशेने पळत आला. टेलरकाका. हातातला लिहायचा लाकडी पॅड त्यांनी इंजिनच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर दाबून धरला. इंजिन गुदमरलं, धडधडलं, थांबलं. पण थांबता थांबता टर्बो फुटला.

काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

सगळे त्यांना उचलत होते तेव्हा मी काय केलं? पक्कड घेतली, तार कापली, खिशात टाकली! समोर माणूस रक्ताने माखलाय आणि मला सुचलं ते हे.

१९ मार्च, गुरुवार

शर्यतीच्या समितीने दादाला बोलावलं. झडप का पडली नाही? दादाने सरळ सांगितलं, "खटका नीट नव्हता, मला माहीत होतं. नुसतं तेल देऊन चालवलं. चूक माझी."

दोन वर्षं बंदी.

घरी आला आणि मलाच समजावत बसला. "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. तुला काही झालं असतं म्हणजे?"

तरी तारेचं सांगितलं नाही.

२१ मार्च

हॉस्पिटलमध्ये गेले. काकूंनी मला खुर्ची दिली, स्वतः उभ्या राहिल्या. "तुझा दादा रोज येतो. बोलत काहीच नाही, नुसता ह्यांचे पाय चेपत बसतो." काका झोपले होते. की नुसते डोळे मिटून होते? पट्टीतला हात उशीवर ठेवलेला. याच हातात कात्री धरायचे.

काहीतरी कारण सांगून पळाले.

२४ मार्च, मंगळवार

दादाला सांगितलं. गॅरेजमध्ये, तो फिल्टर धूत असताना. धूतच राहिला. स्वच्छ झाला तरी धूतच राहिला.

"म्हणजे मी दिलेल्या तेलाने नव्हतं ते," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं!

निघताना म्हणाला, "आधी काकांना सांग. समितीचं मग बघू."

२५ मार्च, बुधवार

सांगितलं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, रडले नाही.

काका छताकडे बघत होते. म्हणाले, "तार पाहिली होती मी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तपासणीतच. दोन वेढे. केबल ओढली असती तर तुला बाद करावं लागलं असतं. म्हणून ओढली नाही." छतावरची नजर माझ्याकडे वळवली. "गेल्या वर्षी सगळे हसले ना, त्यात मीही होतो, पोरी. वाटलं, जाऊ दे एक दिवस... म्हणून तर पहिला पळालो. झडप पडणार नाही हे तिथे आणखी कोणाला माहीत होतं?"

काकू औषध घेऊन आल्या.

त्या बाहेर गेल्यावर हळूच म्हणाले, "कात्री तर सुटलीच. आता तपासणीही काढून घेतील."

२६ मार्च, गुरुवार

समितीसमोर सगळं कबूल केलं. दादाची बंदी उठली, माझ्यावर कायमची आली. अध्यक्षांनी विचारलं, "पण मग तपासणीत ही तार दिसली कशी नाही?"

"तपासणी झाल्यावर बांधली," मी म्हणाले.