पाहुण्यांसाठी एक दिवस सुट्टी

४ ऑगस्ट

गुरुवारी पाहुणे येणार! परदेशी कंपनी आमच्या कारखान्यात पैसा घालणार, आमच्या चेन — पँटच्या, पिशव्यांच्या — चार देशांत विकणार. मालकांचे पाय जमिनीवर नाहीत. त्यांनी नेमलेला सल्लागार नाक मुरडून म्हणाला, "एवढी माणसं? बाजार भरल्यासारखा वाटतोय." मग ठरलं — जुन्या मशिनवरच्या चाळीस जणांना त्या दिवशी पगारी सुट्टी. यादी मी करायची. मॅनेजर ना मी!

५ ऑगस्ट

पहिलं नाव दादाचंच घातलं. सख्ख्या भावाला वगळलं असतं तर लोकांनी नावं ठेवली असती. एकतीस वर्षं अंगठा फिरवून चेनचे दात तपासतोय तो. बाबा गेल्यावर माझं कॉलेज त्यावरच झालं.

हसला. "पगारी सुट्टी? रोज येऊ देत की पाहुणे, साहेब!"

आणि हेच चाळीस जण जादा थांबून गुरुवारचा माल आधीच करून ठेवतायत.

७ ऑगस्ट

कारखाना कसा लख्ख! बावीस माणसं, छतापर्यंत खोके. पाहुणे सारखे वहीत टिपत होते.

मी डबा घरीच विसरले होते. दादा तो घेऊन आला, चुरगळलेल्या शर्टात, थेट आमच्यासमोर. दुभाष्याने विचारलं, "हे कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं — "कोणी नाही. डबा द्यायला आलेत."

दादाने डबा वॉचमनकडे ठेवला आणि गेला. ऐकलं नसेल. मशिन चालू होत्या ना.

१९ ऑगस्ट

कराराचा मसुदा आला. 'बावीस माणसांत एवढं उत्पादन कौतुकास्पद आहे. पुढेही संख्या हीच ठेवावी.' अरे देवा! धावत मालकांकडे गेले. म्हटलं, खरं सांगून टाकू. मालक म्हणाले, "म्हणजे फसवलं म्हणतील. पैसा गेला की बासष्टच्या बासष्ट घरी. बसा तुम्ही."

बसले. लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात, मी चाळीस जणांच्या पायावर पाडला.

२२ ऑगस्ट

सही झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

२९ ऑगस्ट

नोटिसा लागल्या. नवी यादी करावीच लागली नाही. सुट्टीचीच यादी, माझ्याच अक्षरातली, वर फक्त तारीख बदललेली.

वहिनीने विचारलं, "ताई, तुम्हाला आधी माहीत होतं?" माझ्या आधी दादाच बोलला, "तिला काय विचारतेस? तिच्या हातात काय होतं?"

सगळं माझ्याच तर हातात होतं! मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

१ सप्टेंबर

आज परत डबा विसरले. दुपारी फाटकाशी दादाचा आवाज आला. नवा वॉचमन त्याला विचारत होता, "आपण कोण?"

"कोणी नाही," दादा म्हणाला. "डबा द्यायला आलोय."