दोन फूट वाळू

मंगळवार, ४ मार्च

आज ती जागा बघितली. तिघांनी हात टेकलेली जागा! म्हणजे माझ्याच लायकीची.

मालकीण निवृत्त नर्स, एकटीच राहते. घराच्या मागे खडक, पुढे उतार, सगळी चिकणमाती, आणि उताराच्या तळाशी शेजाऱ्यांची पिण्याची विहीर. जुना शोषखड्डा तुंबला आहे, घाण पाणी अंगणात येतं. कचेरीची नोटीस आली आहे. महिनाअखेर सांडपाण्याच्या नव्या व्यवस्थेचं काम झालेलं दाखवा, नाहीतर घर रिकामं करा. माझ्याआधी जागा बघून गेलेल्या तिघांचं म्हणणं, इथे काही होणार नाही, विकून मोकळ्या व्हा. नर्सबाईंनी हे सगळं पेशंटचा ताप सांगावा तशा आवाजात सांगितलं. मग म्हणाल्या, "मला इथनं हलायचं नाही. बाकी तुम्ही बघा."

बघितलं की! दाढीने त्याच्या मशीनने चार फूट खड्डा खणून दिला. (दाढी आमचा कंत्राटदार. वीस वर्षं आम्ही एकमेकांवर ओरडतोय.) मी आत उतरलो. दर सहा इंचांवरची माती खणांच्या लाकडी पेटीत भरून घेतली.

आमच्या धंद्यात सगळं मातीच्या रंगावर. पावसाळ्यात पाणी जिथे तुंबून राहतं तिथे मातीत राखाडी डाग पडतात, आणि ते कोरड्या दिवसांतही जात नाहीत. डाग जिथे सुरू होतात तिथवर पाणी चढतं असं धरायचं, आणि सांडपाणी त्याच्या तीन फूट वर सोडायचं. म्हणजे खाली जाईपर्यंत ते गाळलं जातं. तेवढी माती नसेल तर वर वाळूचा उंचवटा घालून कसर भरून काढायची. बस, एवढंच शास्त्र! बाकी अनुभव.

मला डाग चोवीस इंचांवर दिसले. दोन फूट माती, वर एक फूट वाळू. खड्ड्यातून बाहेर येईपर्यंत नकाशा डोक्यात तयार होता.

बुधवार, ५ मार्च

पाणी जिरण्याची चाचणी. चाचणीचं भोक फावड्याने खणलं की चिकणमाती लिंपली जाते आणि भोकाच्या भिंती मडक्यासारख्या गुळगुळीत होतात. अशा भोकात पाणी जिरतच नाही. आधीच्या तिघांतल्या एकाने तसंच मोजलं असणार! मी भिंती खिळ्याने ओरखडून काढल्या, काल दुपारपासून पाणी पाजून ठेवलं होतं, आज मोजलं. इंचभर जिरायला पन्नास मिनिटं. हळू आहे, पण मेलेली नाही. या जागेत जीव आहे.

नर्सबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. मधेच म्हणाल्या, ढेकूळ उन्हात धरून, मान तिरकी करून बघायची सवय कधीपासूनची? मी म्हटलं, ही कारागिरी आहे. त्या म्हणाल्या, "कारागिरी नाही, मोतीबिंदू आहे तो."

गुरुवार, ६ मार्च

माझे डोळे उत्तम आहेत. सुईत दोरा ओवून दाखवला ताईला. (चौथ्या प्रयत्नात.)

शनिवार, ८ मार्च

भांडण झालं.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यापासून माझे नकाशे तीच काढते, पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल. रेघ अशी की पट्टीने लाजावं. पण आज नर्सबाईंच्या नकाशात वाळू दोन फूट! मी वहीत स्पष्ट लिहून दिलंय — डाग चोवीस इंचांवर, वाळू एक फूट. विचारलं तर मान वर न करता म्हणाली, हात चुकला असेल.

हात चुकला! तिचा हात! शाळेपासून कधी चुकला नाही तो. मी बरंच बोललो. एवढा मोठा ढिगारा बाईंच्या दारापर्यंत येईल, अंगणात पाय ठेवायला जागा उरणार नाही, त्यांना तिथे राहायचंय की डोंगर चढायचाय? मग मीच नव्या कागदावर एक फूट करून नकाशा काढला. रेघा जरा हलल्यात, पण आकडा बरोबर आहे.

राग उतरला नाही म्हणून मातीची पेटी पुन्हा उघडून बघितली. अठरा इंचांचा खण तपकिरी. चोवीसच्या खणात डाग. मी म्हणतोय तेच!

सोमवार, १० मार्च

नर्सबाई अर्जावर सही करेनात. म्हणाल्या, आधी डोळे दाखवून या, मग सही. माझ्या साठीच्या वयात मला गृहपाठ देते ही बाई!

गेलो. काय करणार? डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलाय. पुढच्या आठवड्यात बुधवारी, एकोणीसला, उजव्याचं करून टाकू. मी म्हटलं, मला सगळं दिसतं. ते म्हणाले, सगळ्यांना तसंच वाटतं.

चिठ्ठी दाखवली. नर्सबाईंनी सही केली, आणि वर चहा पाजला.

मंगळवार, ११ मार्च

ताई अर्ज कचेरीत देऊन आली. तिथल्या कारकुनांशी तिची जुनी ओळख, म्हणून हे काम नेहमी तिच्याचकडे. अजून माझ्याशी तोडून बोलते आहे.

सोमवार, १७ मार्च

मंजूर! सहा दिवसांत! तपासनीस जागेवर जाऊनही आला. शुक्रवारी दाढी वाळू टाकणार. नर्सबाईंचं घर वाचलं म्हणायचं.

गेल्या दोन वर्षांत अवघड जागांवर मी अकरा उंचवटे केले. हा बारावा. एकही फुटला नाही, एकाचीही तक्रार नाही. दारावर नवी पाटी लावायचं मनात आहे — 'बारा अवघड जागा, बारा यशस्वी.' ताईला सांगितलं. ती म्हणाली, "आधी डोळ्याचं होऊ दे."

गुरुवार, २० मार्च

सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांच्या खोलीतली भिंत पांढरी आहे! मला वाटायचं, पिवळसर रंग लावलाय. घरी येताना आभाळाकडे बघत राहिलो. इतकं निळं असतं? ताईची साडी मी मातकट समजत होतो, ती राखाडी निघाली.

राखाडी.

तसाच मातीच्या पेटीकडे गेलो. उजवा डोळा झाकून डाव्याने बघितलं — अठराचा खण तपकिरी, बाराचा तपकिरी. मग डावा झाकून नव्या डोळ्याने बघितलं. अठराच्या खणात राखाडी डाग. बाराच्या खणातही! स्पष्ट, बोटाएवढे. फक्त सहाचा खण स्वच्छ.

पाणी एक फुटावर चढतं. वाळू दोन फूट हवी. मी एक फूट लिहून दिली, आणि उद्या दाढी टाकणार. पहिल्याच पावसाळ्यात सांडपाणी न गाळता पाण्यात मिसळलं असतं आणि खालच्या विहिरीत उतरलं असतं. शेजाऱ्यांची पोरं तेच पाणी प्यायली असती. दाढीला फोन लावला, दोनदा नंबर चुकला.

लागला एकदाचा. ओरडलो, काम थांबव, आकडा चुकलाय, एक नाही दोन फूट! पलीकडून दाढी शांतपणे म्हणाला, "अहो, दोनच तर आहे. मंजूर नकाशात दोनच आहे. ताईंचा नकाशा, नेहमीसारखाच."

फोन ठेवला. ताई दारात उभी होती. म्हणाली, "तू काढलेला कागद मी कचेरीत दिलाच नाही." आणि डोळ्यात घालायचं औषध घेऊन आली. मान वर कर म्हणाली. मी केली.

शुक्रवार, २१ मार्च

कपाट उघडलं. अकरा फायली. पहिल्या चार ठीक. पुढच्या सातांत माझ्या वहीतला आकडा वेगळा आणि ताईच्या नकाशावरचा वेगळा. सात पेट्या काढून नव्या डोळ्याने बघितल्या. सातही वेळा तिचाच बरोबर.

विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, "सांगितलं होतं. दीड वर्षापूर्वी. तू चार दिवस माझ्याशी बोलला नाहीस, आणि वहीत एक अक्षर लिहिलं नाहीस. म्हटलं, याला काम करू दे, पेट्या मी बघते."

पाटी नको. तिच्या सगळ्या पेन्सिलींना टोक करून टेबलावर ओळीने लावून ठेवल्या. आणखी काही सुचलं नाही.