नवावरून चारावर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (थोडक्यात कळव. मागच्या पत्रात डाव्या गुडघ्यावर दोन पानं होती आणि उजव्याचं नावही नव्हतं, त्यामुळे इथे उगीच उजव्याची काळजी लागून राहिली.) दाजींना नमस्कार. इकडे सगळं ठीक, म्हणजे तुझी भावजय ठीक आहे. माझा रक्तदाब वाढलाय आणि त्याला तू जबाबदार आहेस. "पुस्तकांवरची धूळ झटकत बसण्यापेक्षा जरा लोकांत मिसळ," असं तूच लिहिलं होतंस. मिसळलो. आता भोगतोय. काही मागायला लिहीत नाहीये हे आधीच सांगतो. नुसतं मन मोकळं करायचंय.

त्याचं असं झालं. आमच्या वाचनालयाच्या समितीने मागच्या खोलीत शेजारशाळा काढली. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना शिकवायचं. पहिला विषय नळदुरुस्ती, शिकवणार आपल्याच गल्लीतला प्लंबर, बारा शनिवार. हे सगळं चालवायचं आणि शेवटी लोक किती शिकले ते मोजून द्यायचं, यासाठी प्रमुख म्हणून माझी एकमताने निवड झाली. (त्या सभेला मी नव्हतो. असतो तर एकमत झालं नसतं.)

मोजायचं कसं, ते पाठिंबा देणाऱ्या संस्थेनेच ठरवून दिलं होतं. पहिल्या दिवशी एक फॉर्म, शेवटच्या दिवशी पुन्हा तोच. 'मला गळका नळ दुरुस्त करता येतो' असं वाक्य, आणि पुढे एक ते दहापैकी एक आकडा स्वतःच लिहायचा. दोन्हींमध्ये जेवढी वाढ तेवढं शिक्षण. मलाही वाटलं, यात काय अवघड आहे? पण पहिल्या दिवशी एकजात सगळ्यांनी नऊ नाहीतर दहा लिहिले. आमच्या समोरच्या घरात एक निवृत्त साहेब राहतात. पस्तीस वर्षं पूल बांधले. त्यांनी दहाच्या पुढे पेनाने एक चौकोन वाढवला आणि त्यात अकरा लिहिले. मी म्हटलं, साहेब, मग येताय कशाला? तर म्हणाले, प्लंबरला काही अडलं तर कुणीतरी हवं ना.

तिसऱ्या शनिवारी अकरा गुणांचे साहेब नळाला भिडले. प्लंबर सांगत होता की आधी मुख्य चावी बंद करा. तेवढं ऐकतील तर ते साहेब कसले! नळाचं डोकं त्यांच्या हातात आलं आणि पाणी थेट छताला. चरित्रांचं अख्खं कपाट भिजलं. (थोर माणसं आठवडाभर दोरीवर वाळत होती.) मुख्य चावी कुठे आहे हे नऊ-नऊ, दहा-दहा गुणांच्या अठरा जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच. ती शब्दकोशांच्या मागे निघाली. प्लंबर कुणाला बोलला नाही. चावी फिरवली, फडकं पिळलं आणि म्हणाला, चला, आता पहिल्यापासून.

त्यानंतर मात्र ताई, खरं सांगतो, लोक शिकले. साहेबांनी गल्लीतल्या चार घरचे नळ स्वतः जाऊन नीट केले. आणि शेवटच्या शनिवारी फॉर्मवर काय लिहावं त्यांनी? चार! मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अहो, चार नळ दुरुस्त केलेत की तुम्ही. तर म्हणाले, म्हणूनच, आता कळलं नळ किती प्रकारचे असतात ते. बाकीच्यांचं तेच. कुणी तीन, कुणी पाच. आलेख काढला तर नवावरून घरंगळत चारावर. जो गृहस्थ पहिल्याच शनिवारी येऊन परत फिरकला नाही, त्याच्या घरी जाऊन फॉर्म भरून आणला, तर त्याचे तेवढे अजून नऊ आहेत.

संस्थेच्या मूल्यमापनबाईंचा फोन आला. आवाज गोड, पण माणूस पक्का. तुमच्या आलेखाप्रमाणे जो जितके शनिवार आला तितकं त्याचं ज्ञान कमी झालंय, म्हणाल्या. महिनाअखेर अहवाल. तोही असाच असला तर शाळा बंद आणि खोलीत पुन्हा मोडक्या खुर्च्या. मला खुर्च्यांचं काही नाही गं. पण हा प्लंबर चौथीत शाळा सोडलेला माणूस. वाचनालयात आजवर छत गळलं तरच यायचा. आता त्याला सगळे सर म्हणतात. त्याने वही केलीय, प्रत्येक शनिवारचा धडा आदल्या दिवशी लिहून आणतो. त्याला काय सांगू? तुमच्यामुळे लोक अडाणी झाले?

म्हणून एका दुपारी (रागावू नकोस) मी फॉर्म समोर घेतले. तारखा मीच पेन्सिलने घातलेल्या. पहिल्याची तारीख शेवटच्यावर आणि शेवटच्याची पहिल्यावर, दहा मिनिटांचं काम. खोडरबर हातातसुद्धा घेतलं होतं. तेवढ्यात प्लंबर आला, शिकवणाऱ्याचा फॉर्म भरायला. 'मला शिकवता येतं' याच्यापुढे पहिल्या दिवशी त्याने दोन लिहिले होते. आता सात लिहा म्हणाला. आठ नकोत, साहेब अजून घाईत वॉशर उलटा बसवतात. सगळ्या शाळेत वर चढलेला हा एकच आकडा! मी म्हटलं, दहा लिहू या, कोण बघतंय? त्यावर तो शांतपणे म्हणाला,

"भाऊ, आकडा खोटा लिहून नळ थांबतो का?"

खोडरबर खिशात टाकलं. आणि चिडून बाईंनाच फोन लावला की कागद राहू दे, माणसांचे हात बघा. बाई तयार झाल्या. येत्या शनिवारी प्रत्येकापुढे एक गळका नळ. पण परीक्षक बाहेरचा हवा, अनुभवी हवा, कुणाची भीड न धरणारा हवा. आता असा माणूस मी कुठून पैदा करू? असो. तू मनाला लावून घेऊ नकोस, गुडघा जप.

तुझा वैतागलेला धाकटा भाऊ

ता. क. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोच. शनिवारी परीक्षक तू आहेस. बहीण चालणार नाही असं मूल्यमापनबाई ठणकावून म्हणाल्या होत्या. मग मी आईने जपून ठेवलेली माझी सातवीची गुणपत्रिका त्यांना पाठवली. गणित, शंभरपैकी अकरा, वर्गशिक्षिका म्हणून खाली तुझी सही. अर्ध्या तासात होकार आला. तुझा होकार मी आधीच कळवून टाकलाय.

ता. क. दुसरा. उतरशील आमच्याकडेच. स्वयंपाकघरातला नळ महिनाभर ठिबकतोय, खाली पातेलं ठेवलंय, ते हलवू नकोस. प्लंबरला यातलं काही सांगू नकोस. बारा शनिवार मी त्याच्यासमोर बसलो होतो, पण मी हजेरी घेत होतो. प्रमुखाचाही एक फॉर्म असतो. 'मला अशी शाळा चालवता येते' याच्यापुढे पहिल्या दिवशी मी दहा लिहिले होते. शेवटचा रकाना कोरा ठेवलाय, तो तू भर. अकराच्या खाली काहीही दिलंस तरी मला सवय आहे. प्लंबरला मात्र नीट बघून गुण दे.