ओटो ब्रंकनं डोळे उघडले

बफेलो, ऑगस्ट १८८४

प्रिय आई,

पेपरात वाचून घाबरली असशील, म्हणून आधी हेच सांगतो: ओटो ब्रंक वाचला. बॅटिंग करताना माझा चेंडू कानशिलावर बसून तो मैदानातच कोसळला, तेव्हापासून मी त्याच्या उशाशी होतो. आज त्यानं डोळे उघडले. मला पाहून म्हणाला, "गाढवा, नेम धरायला कधी शिकणार?" मी हसता हसता रडलो. त्याच्या बायकोनं मला सूप पाजलं.

आमच्या संघाचे मालक म्हणाले, "पगार चेंडू टाकायचा देतो, रडायचा नाही. शनिवारी खेळ." पण चेंडू हातात घेतला की ओटोचं कानशीलच दिसतं. बेसबॉलचा पहिलाच हंगाम, तोही अर्धाच. तरी मालकांना नाही म्हणालो आणि हलकं वाटलं.

जेवण नीट चाललंय. बाबांचा खोकला कसा आहे? चामड्याच्या कारखान्यात माणूस लागतो का, त्यांना विचार. नसेल लागत, तरी घरी येतोच आहे.

तुझा,
एझ्रा