सत्तावीस नंबरचे जोड

३ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं खोकं परवा पोचलं. आईला सांगितलं, तर म्हणाली की भाऊ भाचीला लोखंड पाठवतो, बहिणीला चार ओळीही नाहीत. तिचा गुडघा बरा आहे, पण जिना चढताना मला ऐकू जाईल इतपत कण्हते. तिला लिही.

आता कामाचं. दर तीन वर्षांनी प्रत्येक वेल्डिंग शिक्षकाने स्वतःच्या हातचा एक जोड आमच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि आम्ही तो वाकवून, कापून, आम्लात बुडवून भिंगाखाली बघितल्यावरच त्याचा परवाना पुढे चालू व्हायचा, हा नियम. तो करताना शिक्षकांना सवलत नको म्हणून सगळ्यांत जास्त भांडलास तूच. तुझ्या जोडाची तपासणी माझ्या साहेबांनी केली, कापून घासून मी दिला. नळीची पट्टी पार दुमडली तरी केसाएवढी चीर नाही. साहेबांनी तर दुसऱ्या टेबलावरच्यांना बोलावून दाखवला. त्यांची सही झाली, माझी राहिली आहे.

ती का राहिली, ते लिहायला तीन कागद फाडले. मामा, तू डावखुरा आहेस. मी सात वर्षांची असल्यापासून तुझ्या वर्कशॉपच्या स्टुलावर बसून तुझे जोड बघत आले. उभ्या नळीभोवती तू उजवीकडून डावीकडे जातोस आणि वितळून थिजलेले खवले त्याच दिशेने पडतात. या तुकड्यावर शिक्का तुझा आहे, सत्तावीस, तोही नेहमीसारखा जरा तिरका ठोकलेला. पण खवले उलटे आहेत. हा उजव्या हाताचा जोड आहे.

काहीतरी साधं कारण असेल, खोकी बदलली असतील. तसं असेल तर दोन ओळींत कळव म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल. तोवर फाइल माझ्या खणात आहे. मामीला नमस्कार. तुझा लोभ आहे, तो मी कितीही प्रश्न विचारले तरी तसाच राहू दे.

तुझी,
मुंगी


६ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर जरा मोठं काढत जा. लहानपणी मुंगीच्या पायांसारखं लिहायचीस म्हणून हे नाव ठेवलं, आता तू मोठी झालीस तरी अक्षर काही वाढलं नाही.

उजवा हात आणि डावा हात! चाळीस वर्षं हे काम करणाऱ्याला दोन्ही हात सारखेच येतात. कोपऱ्यातल्या नळीला उजवा, भिंतीलगतच्या नळीला डावा. मला वाटलं म्हणून त्या दिवशी उजव्याने केला. भिंगातून बघून बघून तुम्हा लोकांना जोड दिसतो, माणूस दिसेनासा होतो. जोड चांगला आहे ना? तुझ्या साहेबांनी सही केली ना? मग तुझं घोडं कुठे अडलं?

एक सांगतो, राग मानू नकोस. पहिल्यांदा रॉड पेटवलास तेव्हा तुझ्या हातावर माझा हात होता. लहान पोरीला आगीशी नेलं म्हणून मामीने त्या रात्री मला घरात घेतलं नव्हतं. त्याच हाताची तू आज चौकशी लावतेस. लाव. पण पंधरा तारखेच्या आत फाइल वर गेली नाही तर माझा परवाना जाईल आणि केंद्रातली माझी बॅच अर्ध्यात सुटेल. एवढं ध्यानात ठेव.

आईला लिहितो. गुडघ्याला शेक द्यायला सांग. आशीर्वाद आहेतच, रागावलो म्हणून ते कमी होत नाहीत.

मामा


९ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले, आणि मग पुन्हा वाचलं. तू दोन्ही हातांनी काम करतोस हे खरं नाही. उजव्या हाताने तुला साधी स्वाक्षरी येत नाही. तू माझ्याशी आजवर कधी खोटं बोलला नव्हतास, म्हणून मला आता फार भीती वाटते आहे.

भीती तुकड्याची नाही. काल जुन्या नोंदी चाळत होते, त्यात तुमच्या केंद्राने केलेल्या कामांची यादी निघाली. नव्या हॉस्पिटलची वाफेची लाइन, बॉयलरखोलीपासून धुलाईघरापर्यंत, चौसष्ट जोड, सगळ्यांवर शिक्का सत्तावीस. वीस तारखेला तिच्यात वाफ सोडणार आहेत.

एक्स-रे फक्त सात जोडांचे काढले आणि सातही उत्तम निघाले, असं नोंदीत आहे. पाणी भरून दाब दिला, कुठे गळलं नाही, असंही आहे. पण गार पाण्याने काही कळत नाही हे तूच शिकवलंस. आतून नीट न वितळलेला जोड पाणी धरून ठेवतो. रोज तापून, रोज गार होऊन, महिन्या-दोन महिन्यांनी तो उघडतो, आणि तेव्हा खाली कोण उभं आहे हे तो बघत नाही.

मला एवढंच सांग. त्या लाइनवर हात कोणाचा होता? ज्याने हा तुकडा केला त्याचाच सगळीकडे असेल, तर त्याला परवाना नसला तरी मी निश्चिंत झोपेन. पण तसं असेल तर तू स्वतः का केला नाहीस? आणि काही तू केले असशील, तर हा एक तुकडा करायला तुला दुसरा हात का लागला?

तेरा तारखेपर्यंत वाट बघते. त्यानंतर मला हॉस्पिटलच्या इंजिनिअरना लिहावं लागेल. आणि मी लिहीन. तू काहीही म्हणालास तरी मी तुझीच आहे.

मुंगी


११ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. वाचून झाल्यावर फाडून टाक. नाहीतर राहू दे, आता लपवण्यासारखं काय उरलंय.

तुझं नऊ तारखेचं पत्र मीच यांना वाचून दाखवलं. आधीचंही. गेल्या पावसाळ्यापासून सगळी पत्रं मीच वाचते. हे चहा ओततात तो बशीत जातो. दिव्याभोवती यांना कडं दिसतं, आणि रस्त्यावर ओळखीचा माणूस समोर आला की आधी तो बोलेपर्यंत थांबतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि उजवा जास्त पिकलाय, असं डॉक्टरांनी दिवाणखान्यात बसून माझ्यासमोर सांगितलं. त्यावर यांनी डॉक्टरांना त्यांच्याच घराच्या गेटचं वेल्डिंग किती वाईट आहे ते सांगितलं. बोटांनी चाचपून कळलं होतं.

मी कितीदा म्हटलं, सुट्टी घ्या, डोळे करून घ्या. म्हणतात, वेल्डिंगच्या शिक्षकाला दिसत नाही हे एकदा बाहेर पडलं की परत कोणी डोळ्यांपुढे धरायची काळी काच हातात देत नाही. केंद्रातली ती टाचणी आहे ना, यांची जुनी विद्यार्थिनी, अंगाने बारीक म्हणून पोरं तिला टाचणी म्हणतात, तीच सगळं सांभाळून घेते. तुकडा तिनेच केला. हॉस्पिटलचं मला ठाऊक नाही. तुझं पत्र ऐकल्यापासून जेवले नाहीत. अंगणात खुर्ची टाकून बसलेत आणि हाताची बोटं मोजतायत. एकदा एकोणिसावर थांबले आणि उठून आत गेले.

तुला जे करायचं ते कर. मला बरं वाटावं म्हणून थांबू नकोस. यांच्यावर माया ठेव, एवढंच मागणं.

तुझी मामी


१३ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही. आज सकाळी साहेबांना सगळं सांगितलं आणि तुझ्या फाइलवर सही करणार नाही म्हणून लेखी दिलं. हॉस्पिटलच्या इंजिनिअरना पत्र लिहून दुपारच्या टपालात टाकलं. त्यात तुझा नंबर लिहिला, तुझं नाव लिहिताना मात्र दोनदा थांबले. यापेक्षा वाईट काम मी आजवर केलेलं नाही.

वीस तारखेपर्यंत मला चैन पडणार नाही. शिव्या द्यायला तरी लिही.

मुंगी


१३ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

हे माझ्या हाताने लिहितो आहे. ओळी एकमेकींवर चढल्या तर समजून घे.

हॉस्पिटलचं काम माझ्या नंबरवर मिळालं होतं. सुरू केलं तेव्हाच मला वितळलेलं लोखंड दोन दोन दिसत होतं. खालचे, हाताशी येणारे पंचेचाळीस जोड टाचणीने केले. एक्स-रेवाला शिडी न लावता जे सात काढून गेला, ते सगळे तिचे. छतालगतचे एकोणीस मी केले. अवघड काम शिक्षकाने करायचं, ही माझी आढ्यता. काचेआड मला काय दिसत होतं म्हणशील, तर एक पांढरा गोळा. बाकी सगळं आवाजावर. टाचणीने खालून एकदा म्हटलं की सर, आवाज बरोबर येत नाहीये. मी तिला चारचौघांत गप्प केलं.

आणखी एक. परवान्याच्या परीक्षेला तिला सहा वर्षं मी बसू दिलं नाही. अजून हात तयार नाही म्हणत राहिलो. तिला तिचा नंबर मिळाला असता तर माझ्या नंबराखाली कोण राबलं असतं? हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणणार नाही. कळत होतं.

उद्या सकाळी टाचणीला घेऊन हॉस्पिटलच्या इंजिनिअरकडे जातो. एकोणीस जोड कुठले ते आम्हा दोघांनाच माहीत आहे, शिक्का तर सगळ्यांवर सारखाच. तिथून केंद्रावर जाऊन परवाना परत करीन. तू सही करू नकोस. मला तुझ्यासमोर मान वर करता येणार नाही, पण तू माझ्याकडेच शिकलीस याचा आज जीवाला आधार आहे.

मामा


२७ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर मामीचं आहे, बोलणं माझं. उजव्या डोळ्याला पट्टी आहे. तो आधी केला, डावा पुढच्या महिन्यात. (आता तरी घरात गप्प बसतील असं वाटलं होतं. नाही. मामी.)

तुझं तेरा तारखेचं पत्र आणि माझं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. मी चौदाला सकाळी इंजिनिअरच्या टेबलापाशी उभा राहिलो. तुझं पत्र त्यांना पंधराला मिळालं. त्यांनी मला बोलावून ते वाचून दाखवलं. भाचीने लिहिलंय हे कळल्यावर म्हणाले की तुम्हाला वाईट वाटत असेल. मी म्हटलं, वाईट वाटलंच, पण तिने लिहिलं नसतं तर जास्त वाटलं असतं. आणि मी एक दिवस आधी पोचलो, एवढं मात्र माझ्यापाशी राहू दे.

एकोणीस जोडांचे एक्स-रे काढले. बारा चालण्यासारखे. सात वाईट. त्यातला एक धुलाईघरात, चादरींच्या घड्या घालायच्या लांब टेबलाच्या बरोबर वर, छताशी. तिथे सकाळ-संध्याकाळ सहा बायका उभ्या राहणार होत्या. तो कापून खाली आणला तेव्हा मी हातात मागितला. आतून बोट फिरवलं. नखभर खोल फट, पार करंगळीएवढी लांब. लोखंडाला लोखंड मिळालंच नव्हतं, वरून नुसतं झाकण घातलं होतं. आयुष्यात असा जोड एखाद्या शिकाऊ पोराने आणला असता तर मी तो त्याच्या पायाशी फेकला असता. माझं बोट त्यातून निघेना. म्हणजे निघत होतं, मीच काढत नव्हतो. टाचणीने काढून घेतलं.

वीस तारीख गेली, वाफ सोडली नाही. दहा मार्च ठरली आहे. टाचणीची परीक्षा परवा तुमच्याकडे झाली, ते तुला माहीतच आहे. तू त्या दिवशी मुद्दाम रजा घेतलीस म्हणे, म्हणजे कोणी बोट दाखवू नये. बरं केलंस. तिला एकतीस नंबर मिळाला. काल तिने सातातले पहिले दोन जोड केले. मी खाली स्टुलावर बसलो होतो. मला वेल्डिंगच्या कशालाही हात लावायची मनाई आहे आणि ती योग्यच आहे, पण कान उघडे होते. आवाज बरोबर येत होता. मी तिला तसं ओरडून सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

सगळ्या पंचेचाळीस जोडांवरचा माझा नंबर छिन्नीने मी स्वतः मोडला. त्याला डोळे लागत नाहीत. शेजारी तिने तिचा ठोकला. इंजिनिअरने कागदावर तशी परवानगी दिली.

तिच्या हातचा एक राहिला आहे, तो मात्र तुझ्या कपाटात. त्या तुकड्यावरचा सत्तावीस तू मोड. छिन्नी कशी धरायची ते तुला शिकवलेलं आहे. टाचणीचा शिक्का या पत्रासोबत दोन दिवसांपुरता पाठवतो आहे. तो सरळ ठोक, माझ्यासारखा तिरका नको. मग तिची फाइल उघड, तो तुकडा तिच्या हातचा म्हणून नोंदव आणि सही कर.

मामीचे आशीर्वाद. आईला सांग, डोळा सुटला की पहिलं पत्र तिला. आणि तुझं पुढचं पत्र येईल ते अगदी मुंगीच्या अक्षरात येऊ दे. मी वाचून बघणार आहे.

तुझा,
मामा