नटावरचं ग्रीस

गुरुवार, संध्याकाळ

यांच्या गुडघ्यात पू झाला, म्हणून अलिबागच्या डॉक्टरांनी सांधा काढून पाय कायमचा सरळ जोडायला घेतलाय. बाहेरून सळ्या नि नट लावलेत. हाडं जुळेपर्यंत हात लावायचा नाही, असं बजावलंय.

आणि आज सकाळी पट्टी बदलताना नटावर काळं ग्रीस! "पंख्याचं असेल गं," म्हणाले. पंख्याचं? उशी झटकली, तर खाली आमच्या बोटीच्या इंजिनाचा पाना.

सरळ पायाने बोटीत बसायचं कसं, हेच परवा पुटपुटत होते. नट ढिला केला की काय? की लवकर जुळावं म्हणून आवळला? हे पडले इंजिनवाले, यांचा काय भरवसा!

पाना मी तांदळाच्या डब्यात लपवला. यांनी तो दिवसभर शोधलासुद्धा नाही. म्हणजे काम उरकलंय.